विसाव्यावरचा तंबू

तो मोबाइल जरा इकडे कर बघू, निलम. कुठली जागा शोधलीत म्हणालीस? गंजाड ओलांडून सायवनच्या रस्त्याला, ओढ्याकाठी, मोठ्या झाडाखाली सपाट माळ... हं. फोटोत झकास दिसतेय. फोटोत काय, मीसुद्धा झकास दिसतो.

बसा सगळ्याजणी. लाइट गेलीच आहे, ती काही लवकर येत नाही. तुझ्या या मैत्रिणी बोईसरच्या, त्यांना यातलं माहीत असायचं कारण नाही. पण तू आपल्या आगर गावची. आपला भावेश गेला हे तुला ठाऊक आहे, कसा गेला ते घरात कोणी बोलत नाही. मी बोलतो. तुम्ही त्याच जागेवर तंबू ठोकायला निघालात, आता गप्प बसून कसं चालेल?

भावेश म्हणजे माझ्या मेव्हणीचा मुलगा. चिकूची वाडी, पक्कं घर, भाविकासारखी गुणी बायको, काही कमी नव्हतं. पण स्वस्थ बसेल तर शपथ. २०१६ साली त्याच्या डोक्यात कॅम्पिंग शिरलं. मुंबईची माणसं समुद्राला कंटाळलीत काका, म्हणाला, त्यांना आता जंगल पाहिजे. मी म्हटलं, जंगल पाहिजे आणि जंगलात संडासही पाहिजे ना रे? तर म्हणे तोही बांधू.

मग जागा बघणं सुरू झालं. दोन-तीन रविवार मीही त्याच्याबरोबर हिंडलो. पोरगा त्या कामात हुशार होता, हे मानावं लागेल. जमिनीवर पालथा पडून उतार बघायचा. पावसाचं पाणी कुठून येईल, सकाळचं ऊन कुठून येईल, ओढा ऐकू येतो पण अंगावर येत नाही ना, सगळं बघायचा. एका ठिकाणी मुंग्यांची वारुळं, एका ठिकाणी वरून विजेची तार, एका ठिकाणी बाजूला वीटभट्टी. काही पसंत पडेना. पुढे माझे गुडघे कुरकुरायला लागले आणि तो एकटाच जायला लागला.

एक दिवस नाचतच आला. जागा मिळाली होती. सादड्याचं थोरलं झाड आणि त्याखाली जमीन सारवल्यासारखी. आजूबाजूची सगळी शेतं नांगरलेली, मधला हा तुकडा तेवढा मोकळा. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे इतकी सपाट जमीन कोणी उगाच रिकामी ठेवतं? भावेशलाही तो प्रश्न पडला होता, आणि उत्तर तिथेच होतं. झाडाच्या बुंध्याशी लहान दगडांचा ढीग होता, आणि दगडांच्या फटींत तांदळाचे दाणे.

विसावा होता तो. या पोरींना सांगायला हवं. माणूस गेला की घर ते मसण या वाटेवर तिरडी एकदा जमिनीला टेकवतात. पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. एक दगड ठेवायचा, तांदूळ टाकायचे, मग उचलायचं. ज्याला जन्मभर बसायला मिळालं नाही, त्यालाही तिथे घटकाभर टेकवतात. सगळं सोडून जायच्या आधीचं ते शेवटचं बसणं. आपल्या आगरातही किनाऱ्याकडच्या वाटेवर आहे की. भावेशने बापाला तिथेच टेकवलं होतं. त्यामुळे त्याला कळलं नाही असं कोणी म्हणू नये. कळत होतं पण वळत नव्हतं.

जमिनीचा मालक गुजरातेत, वापीला. त्याने फोनवरच हो म्हटलं. अडलं ते शेजारच्या आदिवासी पाड्यावर, विसावा त्यांचा होता. पाड्यातले लोक ऐकेनात. तेव्हा मधे पडला लाहू. पाड्यातलाच होता, बायको रूपी, थोडी भातशेती, बाकी मजुरी. भावेशने त्याला शब्द दिला, तारेचं कुंपण घालतो पण गेट ठेवतो, तुमचं काही असलं की गेट उघडं. लाहूने त्या शब्दावर पाड्याला समजावलं. माझ्या खांद्यावर घेतो, म्हणाला.

पुढे सगळंच त्याच्या खांद्यावर आलं. गाडी रस्त्यावरच्या मोरीपर्यंतच जायची. तिथून वरपर्यंत तंबू, खुर्च्या, पाण्याचे जार, गॅसची टाकी, सगळं लाहू वाहायचा. मी एकदा बघितलंय. चढावर मध्यावर आला की तो विचारायचा, "शेठ, जरा टेकू का?" आणि हा मोबाइलवरून मान वर न करता म्हणायचा, "अजून थोडं पुढे."

मला राग आला होता. मी बोललोही. त्यावर हा हसला. बुंध्याशी होते ते दगड याने शेकोटीभोवती गोल मांडले होते, आणि पाहुणे त्यांच्यावर पाय ठेवून शेकत बसायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन हिवाळे चांगले गेले. पाड्यात कोणी गेलं तर पावसाळ्यात गेलं, तेव्हा कॅम्प बंद असायचा. मग आला २०१८ चा डिसेंबर. लाहूला ताप होता. तापातच त्याने त्या आठवड्याचं सगळं सामान वर नेलं, आणि शुक्रवारी रात्री गेला.

शनिवारी सकाळी कॅम्पवर पाहुणे भरलेले. लेकराबाळांसकट. खालून तिरडी आली. गेटला कुलूप होतं.

भावेश आतून गेटपाशी आला. पाहुणे आहेत, मुलं घाबरतील, आजच्या दिवस ओढ्यातून जा, असं म्हणाला. लोक उभेच राहिले. तिरडी खांद्यावर. तिथे रस्त्यावर टेकवायची सोय नाही, ते विसाव्यालाच टेकवतात. रूपी पुढे आली. शब्द दिला होतास, म्हणाली. याने काय उत्तर दिलं माहीत आहे? "पुढच्या वेळेला नक्की."

पुढच्या वेळेला! अरे, माणूस काय दर महिन्याला मरतो?

शेवटी ते ओढ्यात उतरले. गोट्यांवरून, कमरेएवढ्या झुडपांतून, समोरच्या दरडीवर चढून, कॅम्पला वळसा घालून मसणात गेले. लाहू न टेकता गेला. जाताना रूपी कुंपणापाशी थांबली. रडत नव्हती. इतकंच म्हणाली, "त्याला टेकू दिलं नाहीस. बघू, तुला कोण टेकू देतो."

त्यानंतर पाड्यातलं एकही माणूस कॅम्पवर कामाला आलं नाही. वर त्या दिवसांत आपल्या डहाणू-तलासरीकडे जमिनीला धक्के बसत होते, आठवतंय ना? लोक घरात झोपायला घाबरायचे, थंडीत अंगणात पडायचे. पाहुण्यांनी बुकिंग रद्द केलं. पण सामान वरच होतं, आणि राखणीला कोणी मिळेना. म्हणून २२ डिसेंबरला भावेश स्वतःच तिथे झोपायला गेला. शनिवार होता. दत्तजयंती. वर लख्ख पौर्णिमा.

पुढचं त्याने मला सांगितलं तसं सांगतो.

जेवणाचा डबा खाल्ला. भाविकाशी फोनवर बोलला. तंबूत शिरला, चेन ओढली, झोपला. मध्यरात्रीनंतर केव्हातरी हादऱ्याने जाग आली. त्याला वाटलं, धक्का बसला. तसाच पडून राहिला. उघड्या माळावर काय पडणार डोक्यावर?

पण धक्का बसला की भांडी वाजतात. पाड्यातली कुत्री भुंकतात. काही वाजलं नाही. कोणी भुंकलं नाही.

मग डोक्याकडची बाजू वर गेली.

मग पायाकडची.

बसलेला हमाल ओझं घेऊन उठतो ना... आधी एक गुडघा, मग दुसरा... तसं.

पाठीखालची जमीन गेली होती. नुसतं कापड, आणि खाली... काहीतरी टणक. हाडकुळं. तंबू चालायला लागला होता.

त्याने चेन ओढली. सरकेना. ओरडला. आवाज कापडातच राहिला. बाहेर दिवसासारखं चांदणं, कापडावर झाडाच्या फांद्यांच्या सावल्या सरकताना दिसत होत्या. माणसाची सावली एकही नव्हती. फक्त श्वास. दमलेल्या माणसाचा. तो पाठीखालून येत होता.

कुलूप खडखडलं... गेट.

मग उतार. डोकं खाली, पाय वर.

मग पाण्याचा आवाज. गोट्यांवर अडखळत... सावरत... पुन्हा अडखळत. झुडपं कापडाला घासत होती. मग चढ. त्याला वाट कळली. कळली तेव्हा त्याने हात जोडले, म्हणाला. आत, अंधारात, आडवा पडून हात जोडले.

"लाहू... खाली ठेव."

श्वास.

"लाहू, चुकलो. टेकव... जरा टेकव."

पावलं थांबली. भावेशला वाटलं, ऐकलं. तो तसाच लोंबकळत राहिला. किती वेळ कोण जाणे. आणि मग अगदी कानाखाली, हळू, रोजच्यासारखं आदबीने...

"अजून थोडं पुढे, शेठ."

...

पाणी दे गं निलम.

रात्रभर तेच. गेट, ओढा, दरड, वळसा. पुन्हा गेट. प्रत्येक फेरीला एकदा थांबायचं. प्रत्येक वेळी याने विनवायचं. आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर.

सकाळी फोन लागेना म्हणून भाविकाने मला पाठवलं. मी वर गेलो तर तंबू जागच्या जागी, खुंट्या ठोकलेल्या, चेन उघडी. भावेश माळाच्या मध्यावर उभा. मी म्हटलं, बस रे, पाणी पी. तर लहान पोरासारखा मला बिलगला आणि म्हणाला, "महादेवकाका, बसवू नका मला. बसलो की उचलतो."

आम्हाला वाटलं, भ्याला आहे, चार दिवसांत उतरेल. नाही उतरलं. पाठ टेकली की किंचाळून उठायचा. पलंगावर, जमिनीवर, खुर्चीत, कुठेच टेकता येईना. चिकूच्या झाडाला हातांनी धरून उभ्या उभ्या डुलकी घ्यायचा, गुडघे वाकले की दचकून जागा. डॉक्टर झाले, भगत झाला. कुंपण काढलं. शेकोटीचे दगड धुऊन, मी स्वतः हातांनी, पुन्हा बुंध्याशी ठेवून आलो. काही फरक नाही.

शेवटी भाविका रूपीच्या दारात गेली. पदर पसरला. सोड म्हणाली माझ्या नवऱ्याला. मी बरोबर होतो. रूपी भात पाखडत होती, तिने सूप खाली ठेवलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच मला सगळ्यात जास्त लागलं. ती म्हणाली, "मी कुठं धरलाय त्याला, बाय? ज्याच्या खांद्यावर आहे त्याला सांग."

असा तो आठ महिने उभा राहिला. पाय सुजून खांबासारखे झाले होते. श्रावणात गेला. उभ्यानेच गेला, झाडाला धरून. बायका रडत होत्या, पण मला खोटं बोलता येत नाही, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता तरी टेकेल.

तिरडी बांधली. पुढचा उजवा खांदा माझा. पाऊस नुकताच थांबला होता, किनाऱ्याकडची वाट सगळी चिखल. चार पावलं चाललो आणि माझ्या लक्षात आलं...

वजन नव्हतं.

मी शेजारच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे.

विसावा आला. आम्ही टेकवायला वाकलो. चौघेही. हात पार चिखलापर्यंत नेले.

तिरडी खाली आली नाही.

वीतभर वर... तशीच.

आमचे हात सुटले होते, निलम. चौघांचेही. कोणीही धरलं नव्हतं.

भटजींनी दगड ठेवला, तांदूळ टाकले, मान खाली घातली. आम्ही पुन्हा बांबूखाली खांदे लावले आणि चालायला लागलो. जाळलं. आंघोळ केली. संध्याकाळ होत होती तेव्हा त्याच वाटेने परत फिरलो.

विसाव्यापाशी मी थांबलो. बाकीचे पुढे गेले.

चिखलात आमची पावलं होती. वरवर उमटलेली. रिकाम्या हाताने फिरायला आलेल्या माणसांसारखी. आणि त्यांच्या मधोमध, जिथे तिरडी थांबली होती तिथून निघालेली... अनवाणी पावलं. एकाच माणसाची. घोट्यापर्यंत रुतलेली.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. ती मसणाकडे गेली नव्हती. बांधावरून, वाडीच्या कडेने, मोठ्या रस्त्याला लागली होती. डांबरावरही थोडा चिखल उमटला होता, लांबपर्यंत.

गंजाडच्या दिशेला, त्या माळाकडे.