दुसऱ्या माशाची जागा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत रोज थोडं साधं पाणी घालावं लागतं. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. लग्न होऊन या घरात आल्यावर नवऱ्याने तिला सगळ्यात आधी शिकवलं ते हे. चहाची साखर कुठे असते, ते तिचं तिनेच शोधलं.

टाकी पहिल्या बायकोची. ती वारली आणि तिच्या मागोमाग फुलपाखरू माशांच्या जोडीतला एक मासाही गेला. उरलेला पिवळाधमक होता. त्याच्या शेपटीजवळ डोळ्यासारखा काळा ठिपका होता, त्यामुळे पाठ फिरवली तरी तो आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटायचं. हे मासे जन्माचा जोडीदार धरतात म्हणे. दगडांच्या फटीपाशी आला की हा थांबायचा, शेजारच्याला आधी जाऊ द्यायचा आणि मग आत शिरायचा. शेजारी कोणीच नसायचं.

मोडलेल्या जोड्या लावायची नवऱ्याला भारी हौस. आधी त्याने हिला आणलं, मग दुकानातून दुसरा मासा आणला. जुन्याने नव्याला जवळ फिरकू दिलं नाही. पंख कुरतडले, खाण्यावरून हुसकावलं. नवा बिचारा पाइपामागे अंग चोरून राहू लागला, दिवसेंदिवस वाळत चालला. तिला ते बघवेना.

"मरेल हो तो," ती एकदा म्हणाली.

"होईल सवय," नवरा पेपरमधून मान न काढता म्हणाला. "तुला झालीच ना."

ते तिच्या जिव्हारी लागलं. या घरात एक तर तो जुना मासा राहील नाहीतर मी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा कामावर असताना, तिने जुन्याला जाळीत धरलं, पाण्याच्या पिशवीत घातलं आणि दुकान गाठलं.

दुकानदार ओळखीचा. त्याने पिशवी उजेडात धरली.

"जोडी फोडली नाहीत, बरं केलंत वहिनी."

"एकच आहे," ती म्हणाली.

त्याने पिशवी पुन्हा वर धरली. बराच वेळ बघत राहिला. मग ती गल्ल्याशेजारी ठेवून त्याने हात पँटला पुसले.

"हो... एकच," तो म्हणाला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

घरी येताना तिला हलकं वाटत होतं. टाकीत नवा मासा पाइपामागून बाहेर आला होता. तिने टाकलेलं सगळं त्याने पोटभर खाल्लं. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तिने स्वतःसाठी चहा केला आणि पाय पसरून, निवांत बसून प्यायली.

संध्याकाळी नवरा आला. टाकी पाहिली. बूट न काढता, आल्या पावली परत गेला. आला तेव्हा हातात दुकानातली तीच पिशवी होती.

"अहो, त्याने याला मारलं असतं..." ती म्हणाली.

त्याने पिशवी टाकीत तरंगत ठेवली. आतलं पाणी टाकीतल्या पाण्याइतकं कोमट झाल्यावर छोट्या डब्याने जुन्या माशाला उचललं आणि टाकीत सोडलं. मग तोच डबा त्याने पुन्हा पिशवीत बुडवला, हळूच फिरवला आणि तोंडावर तळहात धरून वर काढला. डब्यात नुसतं पाणी होतं.

"सावकाश... सावकाश..." तो कुजबुजला. इतक्या मायेने तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

तळहात काढून त्याने डबा टाकीत कलता केला. त्याबरोबर नवा मासा सैरावैरा पळाला आणि काचेवर आपटला.

"आता कसं घर भरल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला आणि हसला. लग्न झाल्यापासून तिने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.