हत्तरवाडीचा अनुशेष

सोलापुरात निवृत्त माणसाला दोनच उद्योग असतात. सकाळी तळ्याकाठी चालायचं, नाहीतर चालून आलेल्यांना सल्ला द्यायचा. मी दुसरा पत्करला. हयात नगररचनेत गेलेली, त्यामुळे शहराभोवतीच्या गावांचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करणाऱ्या कक्षानं मला कंत्राटी सल्लागार म्हणून परत बोलावलं. खुर्ची मिळाली, पंखा मिळाला आणि 'सर' म्हणणारा एक तरुण अधिकारी मिळाला. महेश्वर. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि आवाज इतका मऊ की शिपाईसुद्धा त्याचं ऐकत नसे.

आमचं काम सोपं. गाव पुढे किती वाढेल याचा अंदाज करायचा आणि तेवढ्या माणसांना काय काय लागेल ते नकाशावर रंगवायचं. पिवळा रंग दिला की तिथं लोकांनी राहायचं, हिरवा दिला की तिथं बाग. कुणाच्या तरी जमिनीवर क्रमांक टाकून 'इथं शाळा', 'इथं दवाखाना' असं लिहिलं की झालं आरक्षण. माझ्या उभ्या नोकरीत आरक्षणाच्या जागी तीच वस्तू उगवलेली मी पाहिली नाही. बागेच्या जागी मंगल कार्यालय उगवतं, शाळेच्या जागी गाड्या धुण्याचं केंद्र. त्यामुळे आरक्षणानं कुणाचं काही बिघडत नाही, असं माझं पक्कं मत होतं.

हत्तरवाडी मंगळवेढा रोडच्या आतल्या अंगाला आहे. मुरमाड माळ, बाभळी, थोडं डाळिंब, बाकी मेंढरं. उन्हाळ्यात तिथली हवा तापलेल्या तव्यावरच्यासारखी हलते. या गावाची एक रीत अशी की माणूस मेला की त्याला आपल्याच शेताच्या बांधाला ठेवायचं. बाप बांधाला, आजा बांधाला. नांगर फिरताना त्यांना वळसा घालून जातो. गावाला वेगळी स्मशानभूमी कधी लागलीच नाही.

आमच्या पाहणीवाल्या पोरांनी मात्र रकान्यात 'स्मशानभूमी : निरंक' असं भरलं आणि ते कक्षात आले. महेश्वरच्या संगणकानं गणित मांडलं. पुढची वीस वर्षं तर धरलीच, शिवाय मागं ज्यांना जागा मिळाली नव्हती तेही धरले.

"सर, अनुशेष धरावा लागतो," महेश्वर म्हणाला.

"मेलेल्यांचा?"

"जागेचा, सर."

उत्तर बिनचूक होतं. मी सही केली. धुळाप्पा नावाच्या मेंढपाळाच्या वस्तीला लागून एक भलामोठा माळ होता, त्यावर आरक्षण पडलं.

हरकतींच्या सुनावणीला धुळाप्पा आला. खांद्यावर घोंगडी, हातात मेंढरं बांधायच्या दाव्याचं वेटोळं. मेंढरं गावात सोडून आला होता, पण दावं सोडायची सवय नव्हती. बरोबर धाकटी सून दिपाली. तिचं कॉलेज झालेलं, अर्ज तिनंच लिहिलेला.

"साहेब, आमी आमची मानसं आमच्या बांधाला ठिवतो," धुळाप्पा म्हणाला. "येवढं रान मसणवट्याला कशाला?"

"गाव वाढणार आहे, आजोबा," महेश्वर म्हणाला.

"वाढू द्या की! पर वाढनारा आदी जल्मतो. तुमी मरनाचीच जागा आदी धरली."

"हा शास्त्रीय अंदाज आहे."

"व्हय? आन् अंदाजायवढी मानसं न्हाय मेली तर?"

"तर जागा रिकामी राहील."

धुळाप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी सल्लागार, मी पंख्याकडे पाहिलं.

"रिकामी ऱ्हाईल म्हन्त्यात," तो सुनेला म्हणाला. "मेंढराला वाडगं बांधलं की मेंढरं आनावीच लागत्यात, व्हय का न्हाय गं?"

दिपाली हसली नाही. हरकत फेटाळण्यात आली. फेटाळण्याचं कारण मीच लिहून दिलं होतं. तीन ओळींचं वाक्य, मध्ये एकही पूर्णविराम नाही. आजही वाचलं की बरं वाटतं.

अंतिम आराखडा प्रसिद्ध झाला. काही दिवसांनी धुळाप्पाचा फोन आला. "साहेब, मेंढरं त्या माळावर बसंनात. कडंनं हुबी ऱ्हात्यात. तोंडं आत करून. समदी."

मी त्याला गुरांच्या डॉक्टरचा नंबर दिला.

पहिलं प्रेत शरणबसवचं. तो आणि शिवप्पा एका विडीचे दोन वाटेकरी. दोघांत एक मोटर, एक विहीर, भांडण माहीत नाही. भर दुपारी शिवप्पानं पाणी वळवता वळवता खोरं उचललं आणि शरणबसवच्या मानेत घातलं. मग पुन्हा. पुन्हा. शरणबसव तसाच उठून पळाला. घराकडे नव्हे, रस्त्याकडे नव्हे. माळावर येऊन पडला. शिवप्पानं हात धुतले, उरलेलं वावर भिजवलं आणि पोलीस येईपर्यंत बांधावर बसून राहिला.

या गावाची आणखी एक रीत आहे. असल्या मरणाचं माणूस बांधाला ठेवत नाहीत. मग ठेवायचं कुठं? जागा होतीच. आम्हीच दिलेली.

कस्तुराबाईनं जावेचं डोकं वरवंट्यानं फोडलं. चटणी वाटत होती, जाऊ मीठ मागायला आली. नंतर तोच वरवंटा धुऊन तिनं चटणी पुरी केली. दूध गोळा करणाऱ्यानं धुळाप्पाच्या थोरल्या मुलाला, बिरुदेवला, भरल्या किटलीनं मारलं. माळावर त्याच्या छातीवर बसून, दूध आणि रक्त एक होईपर्यंत. आदल्याच आठवड्यात बिरुदेवनं त्याच्या पोरीच्या लग्नात वाढप केलं होतं.

पोलिसांनी प्रत्येक वेळी कारण शोधलं आणि मिळवलंही. पाणी, संशय, जुना राग. कागदाला कारण लागतं, ते कुठूनही मिळतं. मीसुद्धा तेच म्हणत होतो : उन्हाळा आहे, डोकी तापतात.

एका दुपारी महेश्वर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. भाकरी तशीच हातात.

"सर, आपल्या अंदाजाचा आलेख आठवतो? आधी हळूहळू चढतो."

"मग?"

"मग एकदम चढतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही हत्तरवाडीला गेलो. जीप गुरु चालवत होता. हा गुरु अक्कलकोटकडचा, कानडी गाणी गुणगुणत गाडी हाकणारा, महेश्वरचा लाडका. महेश्वर त्याला डब्यातली अर्धी भाकरी देई. गावात दारं बंद होती. कुत्री नव्हती. वस्तीवर पोचलो तर धुळाप्पा छपराच्या खांबाला बांधलेला. मेंढरांच्याच दाव्यानं, मनगटापासून दंडापर्यंत करकचून.

"कुणी बांधलं?" मी ओरडलो.

"मीच," दिपाली म्हणाली. तिच्या कडेवर तिची लहानगी सृष्टी होती. "मामंजीच सांगतात. दुपार कलली की बांध म्हणतात."

आत धाकटा मुलगा, दिपालीचा नवरा अजिनाथ खाटेवर बसून होता. त्याच्या मानेवर एक पातळ, सरळ ओरखडा. विळ्याचा.

"ह्याच्या मानंकडं बगत हुतो साहेब," धुळाप्पा म्हणाला. "भाकर खाता खाता. पोरगा पानी पीत हुता. गळ्याची घाटी वरखाली हुत हुती. आन् माज्या हातात इळा कवा आला, म्हाईत न्हाय."

"राग आला होता?"

"न्हाय."

"मग काय वाटलं?"

त्यानं दाव्याच्या गाठीकडे पाहिलं.

"लई शांत वाटलं साहेब. कसं सांगू? काम ऱ्हायलंय आन् आता हुनार, आसं." मग त्यानं मान वर केली. "एक ल्योक तिकडं गेला. ह्यो एकच हाय. ही नात हाय. ती जागा उचला. कुटं बी टाका, पर उचला."

"बघतो," मी म्हणालो. नोकरीत हा शब्द मी फार वापरला. तेव्हा पहिल्यांदाच त्याला वजन आलं.

आम्ही माळाच्या कडेनं जीपकडे निघालो. मेंढरं उभी होती. गोल करून, तोंडं आत. एकही ओरडत नव्हतं. मधल्या मुरमावर ताज्या मातीचे उंचवटे, आणि त्या उंचवट्यांमध्ये मोकळी जागा. पुष्कळ मोकळी जागा.

गुरु जीपला टेकून गुणगुणत होता.

महेश्वरनं जीपमधली पहार काढली. खुणेचे दगड बसवायला आम्ही बाळगतो ती. मला वाटलं, आरक्षणाचा दगड उखडतोय. आनंद झाला मला.

पहार गुरुच्या तोंडावर बसली.

आवाज ओल्या लाकडाचा आला. दात मुरमावर सांडले. गुणगुणणं मात्र लगेच थांबलं नाही.

महेश्वरनं पुन्हा उचलली.

मी त्याच्या अंगावर पडलो. म्हातारा माणूस, पोतं पडावं तसा पडलो. खालून तो माझ्याकडे पाहत होता. सुनावणीत पाहायचा तसाच. नम्रपणे.

गुरु रांगत निघाला.

माळाकडे.

मी त्याचा पाय धरला. तो ओढत राहिला. त्याला माझा राग नव्हता, पाय सोडवायची घाईही नव्हती. फक्त तिकडे जायचं होतं. कसंबसं त्याला जीपमध्ये कोंबलं, पहार काढून घेऊन महेश्वरलाही मागे ढकललं. गाडी मी चालवली. हमरस्ता लागल्यावर मागून महेश्वरच्या रडण्याचा आवाज आला, आणि गुरुचा हुंकार, "साहेब, साहेब." दोघं एकमेकांना धरून बसले होते.

गुरु वाचला. दवाखान्यात आम्ही जीप उलटली असं सांगितलं. त्यानंही मान हलवली. जबडा बांधलेला, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आरक्षण उचलायचं ठरलं. पण आमच्या शास्त्रात अशी सोय नाही की गरज कमी करा. जागा हलवता येते, घटवता येत नाही.

"एवढं क्षेत्र त्याच विभागात कुठंतरी टाकावं लागेल, सर," महेश्वर म्हणाला. त्याचे हात मांडीखाली होते. हल्ली तो हातांवरच बसे.

नकाशावर विभागात सगळीकडे माणसं. पिवळ्यावर पिवळं. रिकामा तुकडा एकच, विभागाच्या शहराकडच्या टोकाला, आमच्या पेन्शनरांच्या कॉलनीमागचा कडुनिंबाचा माळ. मी त्यावर बोट ठेवलं.

"सर, तिथं तुम्ही राहता."

"म्हणूनच. अरे, आमच्या कॉलनीत सगळे पिकलेले. कुणाला साखर, कुणाला गुडघे. पहार उचलणं सोड, गॅसची टाकी सरकवायला आम्ही माणूस बोलावतो. कोण कुणाला मारणार? आपापल्या पाळीनं मरू आणि तुझा अनुशेष सज्जनपणे भरून काढू."

हा माझ्या कारकिर्दीतला एकमेव निर्दोष प्रस्ताव होता. त्यावर एकही हरकत आली नाही. पेन्शनर लोक जाहिरातीतलं बारीक अक्षर वाचत नाहीत.

हत्तरवाडी निवली. फेरबदल मंजूर झाला त्या दुपारी मेंढरं आपसूक माळावर पसरली आणि चरू लागली, असं दिपालीनं फोनवर सांगितलं. मागून सृष्टीचं खिदळणं ऐकू येत होतं. ती आजोबांच्या पाठीवर बसली होती.

परवा धुळाप्पा स्वतः आला. डाळिंबं घेऊन आला. वच्छलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला चहा दिला. तो व्हरांड्यात बसला, बोलला, हसला. अजिनाथला कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात काम लागतंय म्हणाला. मग त्याची नजर मागच्या माळावर गेली आणि कप खाली ठेवला गेला.

कॉलनीची भटकी कुत्री तिथं उभी होती. कडेकडेनं. तोंडं आत करून.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुमी हितं टाकलं व्हय?"

"आम्ही म्हातारी माणसं, धुळाप्पा. आमच्यात जोर कुठाय?"

त्यानं खांद्यावरचं दावं काढलं, गुंडाळलं आणि डाळिंबांच्या शेजारी ठेवलं. जाताना वच्छलाच्या पाया पडला. माझ्या नाही.

काल शेजारचे गुरुसिद्धप्पा गेले. दमेकरी, गुडघे गेलेला माणूस, भजनाला टाळ वाजवणारा. आम्हाला वाटलं, दमा. पण शांतम्मा, त्यांची बायको, अंगणात बसून शांतपणे पोलिसांना उशी दाखवत होती, आणि गुरुसिद्धप्पा घरात नव्हते. त्या गुडघ्यांनी ते मागच्या माळापर्यंत कसे पोचले, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

आज जेवताना वच्छलाचा हात भाताकडे गेला, तेव्हा मी तिच्या मनगटाकडे पाहत होतो. किती बारीक आहे, असं मनात आलं. लई शांत वाटलं.

मी उठून दावं आणलं. तिला सगळं सांगितलं. तिनं वाद घातला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. मला खुर्चीला पक्कं बांधलं, लिहायला उजवा हात तेवढा मनगटापासून मोकळा ठेवला. गाठी चांगल्या मारल्यात. ती आता सुरक्षित आहे, म्हणून हे निवांत लिहितो आहे.

स्वयंपाकघरातून मघापासून सुरी ओट्याच्या कडेवर घासल्याचा आवाज येतोय. एका लयीत. मी विचारलं, "काय चिरतेस गं?"

"काही नाही," ती म्हणाली. आवाज इतका प्रेमळ की मला लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं.

भांडी घासून झालीत. घरात भाजी नाही. आणि दावं एकच होतं.