खोडलेला अंगठा

दिवा राहू दे तसाच, बारीक. आणि तू, दाराजवळचा, आत सरक जरा. उद्या पहिल्यांदा मशीनच्या सीटवर बसणार म्हणून संध्याकाळपासून तुझे पाय जमिनीवर नाहीत. बस. ही गोष्ट तुझ्यासाठीच आहे. ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली, तो माझ्याच हाताखाली नटबोल्ट आवळायला शिकला. त्याला आम्ही 'ग्रीस' म्हणायचो, कारण अंघोळ करून आला तरी अंगाला ग्रीसचाच वास.

त्याचा मामा माती उपसायच्या पोकलेनचा ऑपरेटर. हात असा, की बकेटच्या दाताने काडेपेटी उघडेल, असं लोक म्हणायचे. ग्रीसच्या आईने पोरगा भावाच्या हवाली केला. "मार, पण शिकव," एवढंच म्हणाली. मामाने आठ महिने त्याला ग्रीसगन घेऊन मशीनखाली रांगायला लावलं, लिव्हरला हात लावू दिला तो जेवणाच्या सुट्टीत. एक गोष्ट मात्र रोज घोकून घेतली. "सिग्नलवाला थांब म्हणाला की थांबायचं. मी ओरडलो तरी, मालक ओरडला तरी. तुला मागचं दिसत नाही, त्याला दिसतं."

सिग्नलवाला म्हणजे एक म्हातारे काका. लाल टॉर्च उभी हलवली की ये, आडवी हलवली की थांब. चहा आला की अर्धा कप ग्रीसला. लिहिता येत नव्हतं, म्हणून पाळी संपली की ऑपरेटरच्या नावासमोर लॉगबुकात अंगठा उठवायचे. अंगठ्यावर जुन्या जखमेची तिरकी रेघ. पोरं चिडवायची, "काका, देवाने तुमचा अंगठा लिहून खोडलाय." काका हसायचे, "चुकला असेल बिचारा."

तर, सोळा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे साडेअकरा. मामाने ग्रीसला हलवून उठवलं.

"चल. आज सीटवर तू."

पोराला खरंच वाटेना. मामा म्हणाला, "कोपऱ्यातला तो खड्डा आहे ना, उजाडायच्या आत भरून सपाट कर. मी जरा पाठ टेकतो."

"आणि सिग्नलला?"

"काका दुपारीच घरी गेलाय. खड्डा बुजवायला सिग्नल कशाला लागतो?"

ग्रीस केबिनमध्ये चढला. सीटवर मामाच्या बसण्याचा खोलगट ठसा होता, त्यात तो बसला. आईला फोन करावासा वाटला, पण ती झोपली असेल म्हणून राहिला. पहिली बकेट अर्धी सांडली. दुसरी बरी पडली. पाचवीला तर तो एकटाच हसला. मला हे त्यानेच सांगितलंय, आणि सांगताना रडला होता.

एक वाजून दहा मिनिटं. समोरच्या अंधारात लाल टॉर्च हलली.

आडवी.

त्याने लिव्हर सोडला. दार उघडून हाक मारली, "काका, परत आलात होय?"

...

टॉर्च विझली. वाटलं, भास असेल. पुन्हा माती उचलली.

पुन्हा लाल. आता खड्ड्याच्या काठावर. आडवी. हात दिसत नव्हता. नुसती टॉर्च.

त्याने हॉर्न वाजवला. काही नाही...

भरलेली बकेट हवेत तशीच. मामाचे शब्द आठवले. थांबायचं. पण काम अर्धं राहिलं तर उद्या सीट जाईल, हेही आठवलं. त्याने बोटं लिव्हरवर ठेवली.

आणि टॉर्च पेटली... खड्ड्याच्या आतून. मातीखालून.

त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढली. खाली उतरला. मोबाईलचा उजेड धरून हातांनी माती उकरली.

बूट लागला. नाडीच्या जागी निळी वायर. असा बूट साइटवर एकाच माणसाचा होता.

"वर ये."

मागे मामा उभा. झोपलेलाच नव्हता.

"मामा... काका..."

"मशीन फिरवताना मागे आला. दुपारी. कोणी बघितलं नाही."

...

"मग माती माझ्या हातून का?"

मामा म्हणाला, "तू कोवळा आहेस. उघड झालंच तर तुला सोडतील. मला तीन पोरं आहेत रे."

"आणि मी तुझ्या बहिणीचा कोण?"

पोरांनो, त्या घडीला त्याला भुताची भीती नव्हती वाटत. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आठ महिने ज्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, त्याने पहिली सीट दिली ती यासाठी. आतून पार तुटला तो. मामा म्हणाला, "किल्ली दे." ग्रीसने किल्ली मुठीत धरली आणि फाटकापर्यंत पळाला. पहारेकऱ्याजवळ उभं राहून पोलिसांना फोन केला.

सकाळी मशीन तपासायला पोलिसांनी मला नेलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. लॉगबुकाची लोखंडी पेटी बंद होती. तिची किल्ली मामाच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली. साहेबांनी ती काढून घेतली आणि आमच्यासमोर पेटी उघडली. गुरुवारचं पान काढलं. दुपारची पाळी. ऑपरेटरच्या रकान्यात मामाने स्वतःऐवजी भाच्याचं नाव लिहून ठेवलं होतं. पुढे खोटी सही.

पण नाव धड वाचता येईना. पान उजेडासमोर धरलं, तेव्हा कुठे अक्षरं लागली. नावावर बरोबर मधोमध चिखलाचा अंगठा उठला होता. ओला.

मामा मटकन खाली बसला. "रात्री दहाला मी कुलूप लावलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "दहाला नावावर काही नव्हतं..."

साहेबांनी आदल्या दिवसाच्या पानावरचा काकांचा अंगठा शेजारी धरला. मीही वाकून पाहिलं.

तीच तिरकी रेघ. ग्रीसच्या नावावरून आरपार गेलेली, खोडल्यासारखी.