उचलू का?

दार नुसतं लोटा, कडी नको. ही गोष्ट ऐकल्यावर कडी लावून बसवत नाही. माझ्या भिंतीपलीकडे चित्रकलेच्या बाई राहतात ना, चाकांच्या खुर्चीतल्या, त्यांच्याबाबतीत घडलेलं सांगतो. मी खोदून खोदून विचारलं म्हणून बोलल्या, नाहीतर त्या चकार शब्द काढणाऱ्या नव्हेत.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. त्या रात्री जुनी हवेली दिव्यांच्या उजेडात बघायला उघडी ठेवली होती. वरच्या दिवाणखान्याचं रंगवलेलं छत एकदा डोळे भरून पाहायचं, एवढ्यासाठी बाई टॅक्सी करून गेल्या. तळमजला सपाट होता. वर जायला मात्र नुसता जिना.

काय करावं, असा विचार चाललाय तोवर तिथल्या व्यवस्थापकाने दोन हमालांना खूण केली. त्यांनी बाईंना खुर्चीसकट उचललं!

"अहो, माणसाला आधी विचारतात!"

"बाई, फुकट सवारी मिळतेय, मिरवून घ्या," तो खिदळला.

छत अप्रतिम होतं. बाई मान दुखेपर्यंत बघत राहिल्या. बंद व्हायची घंटा झाली, लोक उतरले. बाईंनी कठड्यावरून हाक मारली.

"हमाल गेले की घरी!" व्यवस्थापक खालून म्हणाला. "सकाळी उतरवतो. तुम्ही कुठे पळून जाणार आहात?"

"अरे, माझी पिशवी खाली राहिलीय, फोन तिच्यात..."

दिवे गेले.

थंडी. अंधार. बाईंनी चाकांना ब्रेक लावला.

मागे कुणीतरी श्वास घेतला.

"मलाही दीर असंच म्हणाला होता..." बायकी आवाज. थकलेला. "पाय गेले, तेव्हा वर आणून ठेवलं. म्हणाला, सकाळी उतरवतो... आणि घराला कुलूप लावून गेला."



"उचलू का?"

बाईंनी डोळे घट्ट मिटले.

मग बाई म्हणाल्या, "हो. पण सावकाश."

पायरी वाजली नाही. धक्का बसला नाही. डोळे उघडले तर खुर्ची खाली, दाराशी. समोर व्यवस्थापक, हातात कुलूप, चेहरा पांढराफटक.

"तुम्ही... खाली कशा..."

तो मध्येच थांबला. त्याच्या टाचा जमिनीवरून उठल्या होत्या.

त्याला कुणी विचारलं नाही.

"बाई! सांगा ना तिला... बाई!"

बाईंनी नुसतं 'नको' म्हणायचा अवकाश होता. तेवढंच.

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. खुर्ची वळवली. बाहेर आल्या.

मागे ओरडणं वर वर गेलं... मग थांबलं.

सकाळी तो हमालांना दिवाणखान्यात सापडला, जवळजवळ छताला भिडलेल्या कपाटाच्या माथ्यावर. शिडी लावून उतरवला. जिवंत होता. नोकरी सोडली, तळमजल्यावर खोली घेतली. दोन्ही काखांखाली बोटांचे काळेनिळे ठसे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात जातील.

वर्ष होत आलं. त्याची बायको सांगते, दिवसभरात फिकट होतात.

आणि सकाळी पाहावं तर... ताजे.