दोन दोऱ्यांमधलं पाणी

"शिट्टी वाजवू नका."

मला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत खेळ शिकवते. मुलं माझ्या माघारी मला शिट्टीबाई म्हणतात आणि मला ते चांगलं ठाऊक आहे. त्यातून त्या दिवशी मी आधीच वैतागलेली. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून आठवीच्या वर्गाला ओढ्यावर न्यायचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात मारलं होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना नाही म्हणायची सोय नसते. आणि इथे गुडघाभर पाण्यात, पॅन्ट दुमडून उभा असलेला एक माणूस माझ्याकडे न बघताच मला गप्प करत होता.

"का? पाण्यातले किडे घाबरतात?" मी विचारलं.

"त्यांना कान नसतात." त्याने हातातला दगड अलगद उलटा केला. "मला असतात."

मुलं फिदीफिदी हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग त्याने मान वर केली. तोंड अगदी गंभीर, पण डोळे... डोळे हसत होते. मी काहीतरी खरमरीत सुनावणार होते. काय ते आजतागायत आठवलेलं नाही.

तर हा ओढेवाला. मुलं त्याला नुसतं दादा म्हणायची. एका संस्थेकडून तो गावोगावच्या शाळांत फिरायचा आणि मुलांना वर्गातून उठवून थेट पाण्यात उतरवायचा. फळा नाही, खडू नाही. झारीने उघड्या मातीवर पाणी ओतायचं, मग गवतावर ओतायचं आणि खाली कुठलं गढूळ येतं ते बघायचं. डोंगरावर पडलेला थेंब कुठल्या वाटेने या ओढ्यात येतो, ती वाट पायी चालून शोधायची. "हा सगळा उतार म्हणजे आपलं पाणलोट," तो सांगायचा. "वर कुणी काही केलं, की खाली कळतं."

दर गुरुवारी हे असं. माझी नुसती चुळबुळ व्हायची. मला धावायला सांगा, उड्या मारायला सांगा, एका जागी बसून दगडाखालचे किडे मोजायला सांगू नका. तरी मी मोजायचे.

"बाई, दगड होता तसा ठेवा."

"ठेवला की."

"उलटा ठेवलात."

"दगडाला काय फरक पडतो?"

"दगडाला नाही पडत. खाली ज्यांचं घर आहे, त्यांना पडतो."

"आणि तुमचं घर कुठे आहे?" हे माझ्या तोंडून निघून गेलं... मी लगेच एका मुलीच्या बुटांची नाडी बांधायला खाली वाकले. तिच्या बुटांना नाडीच नव्हती.

"सध्या तरी बॅगेत," तो म्हणाला. "संस्था पाठवेल तिथे. तुमची शाळा म्हणेल तोवर इथे."

शाळा म्हणेल तोवर! हे वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं जाऊन बसलं. कारण शाळा म्हणजे मोठ्या बाई, आणि मोठ्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. "हे फिरतीचे लोक. यांचा एक आकडा जरी चुकला ना, तरी मी हा उपक्रम बंद करणार. पालकांना उत्तरं मला द्यावी लागतात."

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. एका गुरुवारी सकाळी मी आरशासमोर तिसऱ्यांदा वेणी सोडली, तशी ती दारात येऊन उभी राहिली.

"भिंगरे, ओढ्यावर चाललीस की लग्नाला?"

"केस डोळ्यांत येतात म्हणून बांधतेय."

"मग सोडतेस कशाला?"

वहिनीने कंगवा काढून घेतला आणि स्वतःच माझे केस विंचरायला लागली. "एवढी घालमेल होतेय तर विचारून टाक त्याला."

"कुणाला?"

"किड्यांना," ती म्हणाली.

त्याच गुरुवारी ओढ्याचं पाणी मोजायचं होतं. हे काम दोघांचं. ओढ्यावर थोड्या अंतराने दोन दोऱ्या ताणायच्या. वरच्या दोरीपाशी एकाने लाकडाचा लाल ठोकळा पाण्यात सोडायचा आणि सोडताक्षणी हात खाली करायचा. खालच्या दोरीपाशी दुसऱ्याने हात खाली आला की घड्याळ सुरू करायचं आणि ठोकळा दोरीखालून गेला की थांबवायचं. लागलेल्या वेळावरून पाण्याचा वेग कळतो, वेगावरून पाणी किती ते कळतं. घड्याळ माझ्याकडे आलं. शर्यतींची वेळ लावण्यात माझं आयुष्य गेलंय, हात कधी चुकायचा नाही.

वारा सुटला होता. वहिनीने घातलेली वेणी केव्हाच विस्कटली होती. मी वर बघितलं. तो वरच्या दोरीपाशी उभा होता, हात उंच. आमच्या मध्ये खळखळणारं पाणी, काठावर मुलांचा गलका... आणि तो माझ्याकडे बघत होता. कामापुरतं बघतात तसं नाही. मी केस मागे सारले. त्याचा हात खाली आला. मी घड्याळ सुरू केलं आणि मग... मग मी पण बघतच राहिले.

"बाई, गेला! ठोकळा गेला!" काठावरची एक चष्मेवाली मुलगी ओरडली, तेव्हा मी भानावर आले आणि घड्याळ दाबलं.

एरवी तो तीन-तीनदा मोजायचा. तीनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा त्याचा नियम. पण बुरबुर पाऊस सुरू झाला, बसवाला हॉर्न वाजवायला लागला आणि माझे कान इतके तापले होते की मला तिथून पळायचं होतं.

"एकदा बास झालं," मी म्हटलं. "चला."

त्याने वाद घालायला हवा होता. तो नुसतं "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलांनी वर्गात बसून गणित मांडलं. ओढा निम्मा झाला होता. मागच्या महिन्याच्या निम्मा. मुलांना तर पंखच फुटले. चष्मेवाली आणि तिच्या मैत्रिणी शाळा सुटल्यावर ओढ्याच्या काठाकाठाने वर गेल्या आणि त्यांना तिथे रोपवाटिका दिसली, नवाकोरा पंप दिसला. सोमवारी त्या थेट मोठ्या बाईंसमोर उभ्या. ओढ्याचं पाणी चोरीला जातंय, चोर सापडला.

मोठ्या बाई हरखल्या. आमच्या मुलांनी केवढा शोध लावला! शनिवारी पालकांची सभा ठरली, पाणीपुरवठ्याच्या साहेबांना बोलावणं गेलं. साहेबांनी फोनवर सांगितलं, असं असेल तर पंप बंद करू. आणि त्या ओढेवाल्या दादाला, मोठ्या बाई म्हणाल्या, आपण वर्षभर ठेवून घेऊ.

वर्षभर. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण मारता आली नाही. कारण ओढा निम्मा झालेला नव्हता. घड्याळ मी उशिरा थांबवलं होतं.

रोपवाटिकेच्या काकू मला शाळेच्या फाटकात भेटल्या. हातांना माती तशीच. "बाई, मी आधी घ्यायचे तेवढंच पाणी घेते. पंप नवा आहे, रोपं तेवढीच आहेत," त्या म्हणाल्या. "पंप बंद केला तर चार दिवसांत सगळी माना टाकतील. तुमच्या मुली मला चोर म्हणून गेल्या हो." त्यांचा आवाज चिरकला. मी मान खाली घालून उभी राहिले. बोलले तर तो जाणार. नाही बोलले तर या बाईची रोपं. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. वहिनीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

शनिवारी सकाळी सभेच्या आधी मी एकटीच ओढ्यावर गेले. दोऱ्या बांधल्या, ठोकळा सोडला, घड्याळ दाबलं आणि काठाने धावत सुटले. ठोकळ्याच्या आधी खालच्या दोरीशी पोचायचं होतं. पहिल्यांदा धाप लागली. दुसऱ्यांदा शेवाळावरून पाय सरकला आणि मी धप्पकन पाण्यात.

"पाण्याशी शर्यत लावलीत?"

तो वर उभा होता. हातात त्याचाही एक ठोकळा.

"तुम्ही इथे काय करताय?" मी नाकातलं पाणी पुसत विचारलं.

"तुम्ही करताय तेच. एकट्याला जमत नाही ते."

मग आम्ही मोजलं. तीनदा. मी दोरीवरची नजर हलवली नाही आणि तो, मला वाटतं, ठोकळ्याकडेच बघत होता. तिन्ही वेळा ओढा जसा होता तसाच भरला. एक थेंब कमी नाही.

"मग त्या दिवशी काय झालं असेल?" त्याने विचारलं.

"काय माहीत."

"हं. मलाही नाही माहीत."

आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो.

"मी आज सभेत सांगतो," तो म्हणाला. "मोजण्यात चूक झाली म्हणून."

"तुम्हाला काढतील."

"काढतील."

"मग मी सांगते. माझंच घड्याळ—"

"घड्याळाचं काय?"

"काही नाही," मी म्हटलं. त्याने माझ्या केसांतलं शेवाळ काढायला हात पुढे केला... अर्ध्यातूनच मागे घेतला. मला इतका राग आला की मी स्वतःच ते उपटून काढलं आणि ओल्या कपड्यांनी तरातरा निघून आले.

सभागृह भरलं होतं. चष्मेवालीने आकडे मोठ्याने वाचले, टाळ्या पडल्या. साहेब लिहून घेत होते. काकू शेवटच्या रांगेत अंग चोरून बसल्या होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "कुणाला काही बोलायचं आहे?"

मी उठले. त्याच वेळी पलीकडून तोही उठला.

"आकडा चुकीचा आहे," तो म्हणाला. "ओढ्यात पाणी आहे तेवढंच आहे. आज सकाळी तीनदा मोजलं. काकूंचा काही दोष नाही. चूक माझी झाली. मी हात खाली केला, पण ठोकळा सोडलाच नाही. तो बराच वेळ माझ्या हातातच होता."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटत होतं चूक माझ्या एकटीची.

"हातातच?" मोठ्या बाईंनी चष्मा खाली घेतला. "तुम्ही एवढे काटेकोर. असं कसं झालं?"

मुलं कान टवकारून बसलेली.

"बाई केस मागे सारत होत्या," तो शेवटी म्हणाला. "मी... तिकडे बघत होतो."

मागून कुणीतरी खाकरलं. मुलींच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. तो कानापर्यंत लाल झाला, पण खाली बसला नाही. आणि मी इतके दिवस जे गिळून बसले होते ते आपोआप बाहेर आलं.

"घड्याळ मी पण उशिरा थांबवलं. ठोकळा गेला तो मला दिसलाच नाही."

"तुम्हाला का नाही दिसला?" मोठ्या बाईंचा आवाज चढला.

"हे माझ्याकडे बघत होते ना," मी म्हटलं, "ते मी बघत होते."

सगळं सभागृह हसायला लागलं. साहेबांनी लिहिलेलं खोडलं. चष्मेवाली रडवेली होऊन काकूंकडे गेली आणि काकूंनी तिला जवळ घेतलं. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मोठ्या बाई हसल्या नव्हत्या.

त्या बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या. सभा संपायच्या आत त्यांनी निर्णय दिला. आता विज्ञानाच्या बाई रजेवरून परत आल्यावर ओढ्याचं काय ते बघतील, दादांनी आजपासून येऊ नये. संस्थेनेही त्याला लगेच दुसरी शाळा दिली. डोंगराच्या पलीकडे.

सोमवारी तो बॅग घेऊन फाटकाशी थांबला होता. मी शाळा सुटायची वाट न बघता बाहेर आले.

"राग आला?" त्याने विचारलं. "सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं..."

"खूप राग आला. मला एकटीला का नाही सांगितलंत? सकाळी आपण दोघंच होतो."

"सकाळी धीर झाला नाही."

"आणि शंभर माणसांसमोर झाला?"

"तिथे काकू होत्या," तो म्हणाला. मग थांबला. त्याने बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आता मी तुमच्या शाळेचा कुणी नाही. म्हणून विचारतो... तू माझ्यासाठी थांबशील?"

"थांबायला मला कधी जमलंय?"

तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. त्याने डोंगराच्या माथ्याकडे बोट केलं. "ती धार दिसते? तिथे पाणी वाटलं जातं. अलीकडचं सगळं या ओढ्याला, पलीकडचं पार दुसऱ्या नदीला. मी जिथे चाललोय तिथला एक थेंबही कधी इकडे येत नाही."

मला याचा हात धरायचा होता आणि हा मला भूगोल शिकवत होता. म्हणून मग मीच धरला. पाण्यात राहून राहून खरखरीत झालेला हात, पण ऊन.

"पाण्याला डोंगर चढता येत नाही," मी म्हटलं. "मला येतो. तुझी शाळा कधी सुटते तेवढं सांग."