शून्य अपघातांचा रस्ता

गिरणी रस्त्यावर नवा फलक लागला होता : ‘सायकलस्वारांसाठी शहरातला सर्वांत सुरक्षित रस्ता’. मी तो दोनदा वाचला आणि माझं डोकंच फिरलं. सुरक्षित? हा? इथून डंपर असे सुसाट जातात की फुटपाथवर उभं राहिलं तरी काळजात धस्स होतं! याच रस्त्यापायी आईने माझी सायकल जिन्याखाली टाकली होती. आणि कबड्डीचं मैदान नेमकं या रस्त्याच्या पार टोकाला. बस कधी वेळेवर येत नाही. आमच्या प्रशिक्षक सुमनताईंनी कालच बजावलं होतं, “चारुता, आता उशीर केलास तर तुझ्या जागी दुसरी मुलगी घेईन.”

फलकावर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. सायकल मार्गिका (फक्त सायकलींसाठी कठडा घालून राखलेली पट्टी) इथे गरजेची नाही, त्या जागेत मोटारी उभ्या केल्या जातील.

फलकाशेजारीच मोजणीराव उभा होता. त्याचं खरं नाव ‘वाहतूक गणक यंत्रमानव’, पण तसं त्याला कोणीच म्हणत नाही. डोक्याभोवती संवेदक (आजूबाजूचं टिपून घेणारे यंत्राचे डोळे-कान) लावलेले, आणि तोंडात कायम आकडे.

“हे तू लिहिलंस?” मी ओरडलेच.

“हो, ताई. गेल्या वर्षभरात या रस्त्यावर सायकलस्वारांचे अपघात झाले शून्य. याहून कमी आकडा असूच शकत नाही.”

“अरे ठोंब्या, पण इथे सायकल चालवतंय कोण?”

“ते मला विचारलं नव्हतं.”

मला रागाने रडूच फुटलं. नाक पुसत मी म्हटलं, “आमच्या शाळेमागे दगडाची जुनी खाण आहे. खोल पाणी भरलंय तिच्यात. वर्षभरात तिथे किती जण बुडाले?”

“एकही नाही.”

“मग लाव की तिथे फलक, पोहायला सर्वांत सुरक्षित म्हणून! पहिलीतल्या पोरांना नेऊन सोड!”

“पण ताई, त्या पाण्यात भीतीने कोणी उतरतच नाही. त्यामुळे...” मोजणीरावाचे दिवे लुकलुकायचे थांबले.

“त्यामुळे काय? बोल ना आता!”

“त्यामुळे नुसता अपघातांचा आकडा पुरत नाही. दर (गेलेल्यांपैकी किती जणांना इजा झाली, ते प्रमाण) काढायला हवा होता. समजा, बाजारपेठेतून सायकलींच्या हजार फेऱ्या झाल्या आणि दोन अपघात झाले. दुसऱ्या एका रस्त्यावर फक्त दहा फेऱ्या झाल्या आणि एकच अपघात झाला. तर वाईट रस्ता कोणता?”

“दहावाला. दहातला एक म्हणजे हजारात शंभर झाले की!”

“बरोबर. म्हणजे भागाकार करायचा. वर अपघात, खाली फेऱ्या.”

“मग या रस्त्याचा काढ!”

“वर शून्य. खाली...” त्याने मान वळवून सगळा रस्ता पाहिला. एक डंपर कर्कश हॉर्न मारत गेला. “खालीही शून्य. शून्याला शून्याने भागता येत नाही, ताई. याचं उत्तर ‘सुरक्षित’ नाही. याला उत्तरच नाही. माझं चुकलं.”

“चुकलं म्हणे! उतरव तो फलक!”

“उतरवतो. महापालिकेला तसं कळवतोही. पण ते विचारतील, मार्गिका बांधली तर चालवणार कोण? घाबरून घरी राहिलेली माणसं माझ्या संवेदकांना दिसत नाहीत. त्यांना कसं मोजू?”

जिन्याखाली! आमच्या इमारतीत जिन्याखाली सात-आठ सायकली धूळ खात पडल्यात. प्रत्येक इमारतीत असणार. ती सगळी इथे न आलेली माणसंच होती.

मी वर्गात सांगितलं, मैदानावर सांगितलं, भांडून भांडून सांगितलं. चालत असो वा नसो, रविवारी सकाळी आपापली सायकल फुटपाथवरून हातात धरून मोजणीरावापाशी आणायची.

रविवारी रांग लागली. कोणाच्या चाकात हवा नव्हती, कोणाची साखळी गंजून लाल झालेली. भूगोलाचे सर आले, इस्त्रीवाले काका आले. मोजणीराव मोठ्याने मोजत होता.

आणि रांगेत मला आई दिसली. तिच्या हातात जिन्याखालची ती हिरवी सायकल होती, जी मी आजवर शेजाऱ्यांचं भंगार समजत होते.

“ही तुझी?”

“मग कोणाची? कॉलेजला याच रस्त्याने जायचे मी. मग रस्ता रुंद झाला, डंपर आले. एकदा एक डंपर मला घासून गेला, तेव्हा सोडली ती सोडलीच. माझीही आणि तुझीही.” मला वाटलं आता आई रडणार. पण ती भयंकर चिडली होती. मोजणीरावाकडे वळून ती म्हणाली, “मला मोजलंस ना रे? नीट मोज. इतकी वर्षं मी कोणाच्या हिशेबातच नव्हते!”

“मोजलं, बाईसाहेब. यापुढे चुकणार नाही.”

त्या आकड्यापुढे महापालिकेचं काही चाललं नाही. मार्गिकेचं काम सुरू झालं, पण अजून अर्धंच झालंय. कठडा आहे तिथवर मी सायकलने जाते, आई मागून तिच्या हिरव्या सायकलवर. पुढे मी सायकल हातात धरून फुटपाथवरून पळत सुटते. धापा टाकत का होईना, वेळेत पोचते. संघातली माझी जागा अजून माझीच आहे.

राग मात्र गेलेला नाही. उरलेला अर्धा कठडा उभा राहीपर्यंत तो जाणारही नाही. रोज आम्ही समोरून गेलो की मोजणीराव हात उंचावून म्हणतो, “खालचा आकडा वाढला, ताई!”

आणि मी ओरडते, “वरचा शून्यच राहिला पाहिजे!”