विश्वासांक अठ्ठ्याण्णव

"हे वाक्य आत्ताच्या आत्ता काढा," हेमांगी ढोबळे म्हणाल्या. पुण्याच्या माहिती-पडताळणी केंद्रात कुणी आवाज चढवत नसे. त्यांनी चढवला.

भिंतीवरच्या पडद्यावर ते वाक्य होते: 'अपस्मारात स्निग्धाहार सुरू केल्यावर तीन आठवड्यांत गोळ्या बंद करता येतात. विश्वासांक ९८.'

हेमांगीबाई मिरजेच्या आहारतज्ज्ञ. फिट येणाऱ्या मुलांना तूप-साय ग्रॅमवर तोलून द्यायची आणि भात-साखर जवळजवळ बंद करायची, हे काम त्या बावीस वर्षे करत होत्या. त्यांच्याकडच्या सहा वर्षांच्या सनाच्या फिट कमी झाल्या आणि तिच्या वडिलांनी, दिलावर मुलाणींनी, हे वाक्य वाचून परस्पर गोळ्या थांबवल्या. काल सनाला सलग वीस मिनिटे फिट आली. आज ती रुग्णालयात होती, आणि दिलावर अजूनही गोळ्यांना नाहीच म्हणत होते. "मॅडम, तुमचा स्वतःचा विश्वासांक एकतीस आहे," असे त्यांनी तोंडावर सांगितले होते. राग येईल नाहीतर काय!

"आमची 'साक्षी' यंत्रणा चुकत नाही," संचालक श्रीकांत बेहेरे समजावू लागले. "एखादं विधान जितक्या पानांवर सापडतं, तितका त्याचा विश्वासांक जास्त. हे अकराशे चाळीस पानांवर आहे. तुम्ही एकट्या उलट सांगताय."

"एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून काढलं, तर साक्षीदार अकराशे होतात का? मूळ शोधा आधी."

बेहेऱ्यांनी नाइलाजाने वंशशोधक चालू केला. या पानाने त्या पानावरून घेतलेले, त्याने आणखी तिसऱ्यावरून, असे मागे जात जात तो एका जुन्या पत्रकापाशी थांबला. खाली नाव होते हेमांगी ढोबळे.

बाईंनी पुढे होऊन ते वाचले. पत्रक सतरा वर्षांपूर्वीचे. एका मुलाच्या गोळ्या तीन आठवड्यांत बंद झाल्या, हे त्यांनी हौसेने लिहिले होते. तो मुलगा रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, हे लिहायचे राहून गेले होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"हे आपल्यातच ठेवू," बेहेरे हळूच म्हणाले. "मूळ लेखकानं चूक कबूल केली, तर नियमाप्रमाणे त्याचं सगळंच लेखन शून्यावर जातं. बावीस वर्षं आहेत तुमची, बाई!"

"जाऊ देत! चूक करताना कुणाला विचारलं नव्हतं, आता कबूल करायला घाबरू? नोंदवा."

वाक्य शून्यावर आले. हेमांगीबाईही शून्यावर आल्या. त्यांना हायसे वाटते न वाटते तोच पडद्यावर अक्षरे उमटली: 'कबुली देणाऱ्या व्यक्तीचा विश्वासांक शून्य. सबब कबुली अग्राह्य.' वाक्य पुन्हा ९८ वर जाऊन बसले आणि बाई ३१ वर.

बेहेरे ओशाळले. "तर्काला धरून आहे हो."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" म्हणत बाईंनी तिथूनच दिलावरना फोन लावला. "दिलावरभाई, तुम्ही वाचलंत ते वाक्य माझं आहे. मी अर्धवट लिहिलं होतं. चुकले मी."

"पण मॅडम, इथं अजून अठ्ठ्याण्णवच दाखवतंय."

"दाखवू दे. ज्या अकराशे जणांनी ते छापलं, त्यांतल्या एकालाही विचारा, सना कोण म्हणून."

पलीकडे खुर्ची सरकली. मग दिलावरांचा आवाज आला, पण तो बाईंसाठी नव्हता.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा. पोरीच्या गोळ्या सुरू करायच्यात."